सव्वातीन युनिटांचा दिवा

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून आमच्या अपार्टमेंटची मीटिंग भरली. सेक्रेटरी मी. म्हणजे निवृत्त झाल्यापासून मीच, कारण बाकी कुणी ही बला अंगावर घ्यायला तयार नाही, आणि सगळं आयुष्य हिशेब खात्यात काढलेल्या माणसाला वह्या दिसल्या की हात शिवशिवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. विषय नेहमीचेच. कुणाचा मेंटेनन्स थकलाय, कुणाच्या पाहुण्याची गाडी गेटमध्ये आडवी असते, जिन्यात चपला किती. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या पोरानं कॉमन मीटरचं बिल सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि विचारलं, “काका, गच्चीवरचा बल्ब रात्रभर कशाला जळलालाय? तिथं कोण असतंय रात्री?” प्रश्न बिनतोड होता. पाण्याच्या टाकीच्या खोलीवर एक बल्ब आहे आणि तो संध्याकाळी सहाला लागतो तो सकाळी सहाला विझतो, हे मी वर्षानुवर्षं बघत होतो. पण का, हे कधी विचारलं नव्हतं. मी वहीत लिहिलं, ‘गच्चीवरील दिवा बंद ठेवणे.’ ठराव एकमतानं मंजूर. चहा आला.

सोमवारी रात्री नऊच्या सुमारास मी त्या ठरावाची अंमलबजावणी करायला वर गेलो. बल्बचं बटण तिसऱ्या मजल्याच्या जिन्याजवळ आहे, आजींच्या दाराला लागून. दार अर्धवट उघडं होतं आणि आजी खाली बसून मेथी निवडत होत्या. बटण बंद केल्याचा खट् आवाज झाला तशी त्यांनी मान वर केली.

“दिवा घालवलात होय? मग कळायचं कसं?”

“अहो आजी, वर कोण जातंय रात्रीचं,” असं काहीतरी मी हसून म्हणालो आणि खाली आलो. त्या रागावल्या नव्हत्या. दूध आलं नाही, किंवा आज ऊन फार आहे, इतक्या साध्या आवाजात बोलल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या. पण ते वाक्य काही मला सोडेना. रात्री अंथरुणावर पडल्यावर, उगाच, कुणीही विचारलेलं नसताना मी गणित मांडलं. नऊ वॅटचा बल्ब, बारा तास, तीस दिवस. महिन्याला सव्वातीन युनिट. फार तर पस्तीस-चाळीस रुपये, ते बारा घरांत वाटायचे. म्हणजे घरटी तीन-साडेतीन रुपयांसाठी मी एका म्हाताऱ्या बाईच्या दारातला उजेड काढून घेतला होता.

आजींना सगळे ‘रत्नागिरीच्या आजी’ म्हणतात. सोलापुरात येऊन त्यांना पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, तरी नाव तेच. नवरा सोलापूरचा, एसटीत कंडक्टर, पहिली नेमणूक रत्नागिरी डेपोत. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं अशी एसटीत नाहीतर मास्तरकीत लागून कोकणात जातात आणि बदलीच्या अर्जांवर दिवस मोजतात. हे गृहस्थ मात्र खारव्याच्या, म्हणजे दर्यावर मासेमारी करणाऱ्याच्या, घरातली मुलगी लग्न करून घेऊन आले. त्या लग्नाची गोष्ट मोठी आहे, ती इथे नको. आजी आता आमच्यासारखीच कडक भाकरी मोडून खातात, शेंगाचटणी स्वतः कुटतात, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज गेले की हात जोडतात. पण सुकं मासळीवालं कुणी दारावरून ओरडत गेलं, की तीन मजले उतरून खाली येतात आणि बोंबील हातात घेऊन, वास घेऊन, बहुतेक वेळा परत ठेवून देतात. “ह्याला मीठ मारलंय नुसतं,” म्हणतात.

तर ‘मग कळायचं कसं?’ याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला. समुद्राकाठची मुलगी. बाप दर्यावर जाणारा. लहानपणी रोज रात्री डोळ्यांसमोर दीपगृहाचा दिवा फिरलेला. आता एकटी, मुलगा पुण्याला, आणि म्हणून रात्री कुठेतरी उंचावर एक दिवा तेवत असला की तिला बरं वाटत असणार. परतणाऱ्याला घर कळायला नको का! हा अर्थ मला इतका आवडला की डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. तरीही दुसऱ्या दिवशी दिवा काही लावला नाही. ठराव एकमताचा होता.

आणि योगायोग म्हणा, मंगळवारी पहाटे आम्ही रत्नागिरीलाच निघालो. बायकोच्या भाचीचा साखरपुडा तिथे होता. जाताना आजींना विचारलं, काही आणायचं का, तर म्हणाल्या, “सुकट आणा. बघून आणा.” मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. हा रस्ता सोलापूरपासून थेट रत्नागिरीपर्यंत जातो आणि मला तो नेहमी एखाद्या माणसाच्या स्वभावासारखा वाटतो. निम्मा वेळ अगदी रूक्ष, बाभळी आणि डाळिंबाच्या बागा, आणि घाट उतरताना एकदम ओला. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. सरळ रेषेत समुद्र आमच्यापासून तीनशे किलोमीटरच्या आतच आहे, पण मध्ये सह्याद्री उभा. पाखराला नसेल, आम्हाला मात्र तो फार लांब वाटतो. माझ्या आईनं सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा ती म्हणाली होती, “एवढं पाणी नि प्यायला नाही व्हय?” सोलापूरच्या बाईला दुसरं काय सुचणार.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी मी एकटाच रत्नदुर्गावर गेलो. गाडीतून उतरलो आणि खालून मिरकरवाड्याचा वास आला: मासळी, डिझेल, ओला दोर आणि बर्फ. बर्फाला वास असतो हे मला त्या दिवशी कळलं. बंदरात होड्या एकमेकींना खेटून उभ्या, प्रत्येकीवर निशाण, आणि वाऱ्यावर ती सगळी निशाणं एकाच बाजूला ताठ. भगवतीच्या देवळात जाऊन आलो आणि मग सिद्धा बुरुजाकडे वळलो, जिथे दीपगृह आहे. आत जायची वेळ टळून गेली होती. गेट बंद. सोलापूरहून एवढ्या लांब येऊन गेटवर उभं राहायचं, हे माझ्या एकूण नशिबाला धरूनच होतं. मग शेजारच्या कठड्यावर बसलो आणि अंधाराची वाट बघू लागलो.

हे दीपगृह 1867 सालचं. त्याच वर्षी मुंबईच्या दक्षिणेला खांदेरी बेटावरही दीपगृह उभं राहिलं, ज्याला आता कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. देवगडच्या किल्ल्यातलं 1915 चं. मला या सालांपेक्षा जागांची गंमत वाटते. रत्नदुर्ग, खांदेरी, देवगड: सगळे किल्ले. ज्या बुरुजांवरून कधीकाळी परक्यांच्या गलबतांवर नजर ठेवली आणि वेळ पडली तर तोफा डागल्या, त्याच उंचीवर इंग्रजांनी दिवे लावले, आपली जहाजं धडपणे जावीत म्हणून. जागा तीच, उंची तीच, काम बरोबर उलटं. खांदेरी तर 2025 च्या जुलैमध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, किल्ला म्हणून. दिव्याचा उल्लेख फारसा कुणी केला नाही.

मी हिशेबाचा माणूस, त्यामुळे मनात दोन वह्या शेजारी-शेजारी उघडतात. रत्नागिरीला दिवा लागला 1867 मध्ये. आमच्या सोलापुरात जुनी मिल सुरू झाली 1877 मध्ये. मधल्या काळात, 1875 ला, कुलाब्याच्या टोकाला समुद्रात प्रॉंग्जचं दीपगृह झालं. त्या काळी गिरण्यांची यंत्रं विलायतेहून जहाजातून मुंबईला उतरत आणि तिथून आगगाडीनं पुढे. सोलापूरला आगगाडी 1860 सालीच आली होती. म्हणजे आमच्या गावातले पहिले साचे, म्हणजे गिरणीतले माग, बहुधा प्रॉंग्जच्या उजेडातून आत आले असतील, असा मी आपला जमाखर्च जुळवतो. कुठल्या कागदावर हे लिहिलेलं नाही. पण ज्या गावाला समुद्र दिसत नाही त्या गावाची भाकरीसुद्धा कुठल्यातरी दिव्याची थोडी देणेकरी असते, हे तिथे कठड्यावर बसल्यावर मला पटलं.

गेटसमोर एक चहावाला होता. साठीचा, डोक्याला मफलर. आयुष्यातली काही वर्षं दीपगृहांवर मदतनीस म्हणून काढलेली, किनाऱ्यावर इकडे-तिकडे. मी सोलापूरचा म्हटल्यावर त्याने आधी चादरीचा भाव विचारला. मग दिव्याचं बोलणं निघालं. मला वाटत होतं की एवढ्या लांब दिसतो म्हणजे दिवा केवढा मोठा असेल. तर तसं नाही. “दिवा एवढासा,” त्याने चहाचा ग्लास दाखवला, “काम सगळं भिंगाचं.” जुन्या काळी आत तेलाची वात असे, पुढे रॉकेलची वाफ करून जाळीच्या मेंटलवर पेटवायची बत्ती आली. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं, कारण ती पेट्रोमॅक्सची बत्ती! आमच्या लहानपणी वरातीत बायका डोक्यावर घेऊन चालायच्या तीच. पंप मारायचा, सूं असा आवाज, आणि मेंटलला बोट लागलं की राख. तसल्याच बत्तीचा थोरला भाऊ टॉवरवर बसून तीस-तीस किलोमीटर बोलत होता. भिंग म्हणजे एक मोठी काच नव्हे. काचेच्या कंगोऱ्यांची कडी एकाभोवती एक बसवलेली, कांद्याच्या पाकळ्यांसारखी, म्हणजे इकडेतिकडे सांडणारा सगळा उजेड गोळा होऊन आडवा, एका पट्ट्यात बाहेर पडतो. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाचं हे डोकं. फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात 1823 साली ते पहिल्यांदा बसलं. कित्येक टनांची ही भिंगं पाऱ्याच्या हौदात तरंगत ठेवायचे, की बोटानं ढकललं तरी फिरावीत. आणि फिरवायला घड्याळासारखं यंत्र, टॉवरच्या पोटातून खाली उतरणारं वजन. वजन तळाला आलं की किल्ली देऊन परत वर घ्यायचं. रात्रीतून किती वेळा, ते त्या त्या यंत्रावर. पण झोपायचं नाही हे सगळीकडे सारखं.

मग त्याने एक गोष्ट सांगितली जी मला अजून सोडत नाही. सकाळ झाली की दिवा मालवायचा आणि लगेच भिंगाभोवती पडदे ओढायचे. मला वाटलं धुळीसाठी. “उन्हासाठी,” तो म्हणाला. “हे भिंग आतला उजेड बाहेर फेकतं ना, तसंच बाहेरचं ऊन आत ओढतं. पडदा ओढायचा राहिला तर आतलं जळून जाईल.” मी सोलापूरचा. उन्हाचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेलेला बघत लहानाचा मोठा झालो. उन्हाला पडदा लागतो हे मला कुणी सांगायला नको. पण जी वस्तू रात्रभर दुसऱ्याला वाट दाखवते तिला दिवसा झाकून ठेवावं लागतं, नाहीतर ती स्वतःलाच पेटवून घेईल, हे माझ्या कुठल्याच वहीत बसेना.

अंधार पडला आणि दिवा लागला. मला वाटलं होतं काहीतरी गाजावाजा होईल. नाही. एका क्षणी नव्हता, पुढच्या क्षणी होता. मी घड्याळ धरून मोजायला बसलो. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीचं माप ठरलेलं असतं, नोंदलेलं असतं आणि शेजारच्याशी जुळत नाही. खलाशी मापावरून ओळखतो की हा जयगड की रत्नागिरी की आणखी कुठला. मी तीन वेळा मोजलं आणि तीन वेळा वेगळं आलं. चहावाला हसायला लागला. तेवढ्यात बायकोचा फोन आला, की हळदीकुंकवाची पिशवी तुमच्याच गाडीत राहिली आहे.

परत येताना आंबा घाटापासून मिरजेपर्यंत माझ्या डोक्यात मात्र भोंगा वाजत होता.

वडील गिरणीत साचा खात्यात होते. आमचं घर गिरणीपासून इतकं जवळ की भोंगा झाला की फळीवरची पितळी भांडी थरथरायची. पहिल्या पाळीचा, दुसऱ्या पाळीचा, तिसऱ्या पाळीचा. आई भोंग्यावर भात चढवायची, मी भोंग्यावर शाळेला निघायचो, आणि शेजारच्या पद्मशाली आजींच्या घरी घड्याळ बंद पडलेलं असूनही त्यांचं कधी काही चुकत नसे. शेतावरून, आसपासच्या खेड्यांतून लोक चिमणीकडे बघून दिशा धरायचे आणि भोंग्यावरून वेळ. गावात उंच काय, तर चिमणी; आणि ती उंच वस्तू आपल्याला हाक मारते, चल, ये, पाळी भरली. मी त्यातच वाढलो. गिरणी बंद पडली त्यानंतर वडील कित्येक वर्षं पहाटेच्या त्याच वेळेला उठून गॅलरीत येऊन उभे राहायचे. बोलावणारं कुणी नव्हतं. ते थोडा वेळ उभे राहायचे, चूळ भरायचे आणि परत आत जायचे. आता गावातल्या उंच वस्तूंचा जमानाच गेला. 2023 च्या जूनमध्ये होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याची चिमणी पाडली ती विमानाच्या वाटेत येते म्हणून. दोन वर्षांनी विमान सुरूही झालं, आणि पहिलं गेलं कुठे, तर गोव्याला, म्हणजे पुन्हा समुद्राकडेच. किनाऱ्यावर वाट दिसावी म्हणून उंच बांधतात, आमच्याकडे वाट मोकळी व्हावी म्हणून उंच पाडलं. कोण चूक कोण बरोबर यात मी पडत नाही. त्यावर आमच्या बिल्डिंगमध्ये दोन तट आहेत आणि मला मेंटेनन्स दोघांकडूनही गोळा करायचा असतो.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही परतलो. मी सुकटीची पुडी घेऊन थेट तिसऱ्या मजल्यावर गेलो. आजींनी पुडी उघडली, चिमूटभर तळहातावर घेतली, फुंकर मारली, वास घेतला आणि डब्यात ओतली. परत दिली नाही, हेच माझं प्रशस्तिपत्र. चहा टाकला. मग मी सुरू केलं. दीपगृह बघून आलो म्हणालो. तुमचा दिवा बघून आलो. म्हणालो, आजी, आता मला कळलं. दर्यातून थकूनभागून येणाऱ्याला तो दिवा बोलावतो ना, ये बाबा, घर इकडे आहे म्हणून…

आजी चहाची कपबशी खाली ठेवून हसायला लागल्या. दात नाहीत, त्यामुळे त्या हसतात तेव्हा आवाज होत नाही, नुसते खांदे हलतात.

“बोलावते? ती बत्ती बोलावते कुणी सांगितलं तुमाला? ती सांगते, हितं खडप हाय, लांबनं जा.”

खडप म्हणजे पाण्यातला खडक. बापूस तांडेल होता, होडीचा म्होरक्या, त्या म्हणाल्या. बत्तीकडे तोंड करून होडी हाकणारा त्यांनी कधी बघितला नाही. बत्ती कुठल्या अंगाला दिसते, किती लांब दिसते, त्यावरून आपण कुठे आहोत ते समजायचं, एवढंच तिचं काम. घरी कसं यायचं ते दुसऱ्या खुणांवर: देवळाचा कळस आणि मागचा डोंगर एका रेषेत आले की वळायचं, अशा. त्या खुणा ज्याच्या त्याला ठाऊक, बत्ती मात्र सगळ्यांची. “परक्याची पण,” त्या म्हणाल्या. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असत, नारळी पौर्णिमेपर्यंत घरचं कुणी दर्यावर नाही, तरी बत्ती रोज लागायचीच. “मग कुणासाठी?” मी विचारलं. “जो असंल त्याच्यासाठी.” लहानपणी त्यांच्या घराच्या भिंतीवर तो उजेड यायचा का, आवडायचा का? “झोप मोडायची,” आजी म्हणाल्या.

माझं सगळं काव्य चहात बुडालं. मी जरा ओशाळून, पण मन मोठं करून म्हणालो, “आजी, तरी पण तुमचा गच्चीवरचा दिवा मी परत लावतो. तुम्हाला बरं वाटत असेल तर राहू दे.” आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं शाळेत सोप्या भागाकाराला चुकल्यावर गुरुजी बघायचे.

“मला कशाला बरं वाटंल? आज पाणी हाय ना रात्री?”

मग त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं. आमची बिल्डिंग इंग्रजी एलच्या आकाराची आहे. त्यांच्या खिडकीतून समोर तिरपी पाण्याची टाकी दिसते, टाकीवरचा बल्ब दिसतो आणि त्या बल्बच्या बरोबर खाली टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेही रात्री दोनला नाहीतर तीनला. ते खालच्या हौदात पडतं. वॉचमन मोटर लावतो आणि त्याचा डोळा लागतो. दिवसभर दुसरीकडे राबणारा माणूस, त्याला काय बोलणार. टाकी भरली की पाइपमधून पाणी पडायला लागतं. आवाज येत नाही, कारण धार भिंतीला लागून उतरते. पण बल्बचा उजेड त्या धारेवर पडला की ती चमकते. आजींना वयामुळे रात्री झोप नसतेच. त्या खिडकीशी बसतात, चमक दिसली की जिन्यात येऊन खाली हाक मारतात, “बंद कर रे!” आणि वॉचमन मोटर बंद करतो. अकरा वर्षं झाली. बारा घरांतल्या एकालाही हे माहीत नव्हतं. वॉचमनला माहीत होतं, पण त्याला मीटिंगला कोण बोलावतंय.

मग कळायचं कसं.

माझ्या कपाटातल्या फाईलमध्ये टाकीला ऑटोमॅटिक फ्लोट बसवण्याचं कोटेशन दोन वर्षं पडून आहे. ते बसवलं की पाणी भरलं तर मोटर आपोआप बंद होईल, कुणी जागायला नको. दीपगृहांचंही तेच झालं म्हणे. वजनाची किल्ली गेली, वात गेली, मेंटल गेलं, विजेचे दिवे आले, अंधार पडला की आपले आपण लागणारे. 1927 सालचा दीपगृहांचा कायदा जाऊन 2021 मध्ये नवीन कायदा आला, त्यात दिव्यांबरोबर रेडिओ आणि उपग्रहांवरून चालणारी सगळी साधनं धरली आहेत. होडीवाल्याच्या खिशात जीपीएस असतो. तरी रत्नागिरीच्या चहावाल्याला मी विचारलं होतं की मग आता बत्ती कोण बघतं. तो म्हणाला, “जीपीएस बंद पडला की सगळे.”

सोलापूरच्या वाट्याला पाणी नाही असं म्हणतात ते खोटं आहे, हेही मला त्या खिडकीत उभं राहून आठवलं. आमच्या जिल्ह्यात उजनी आहे. 1980 पासून भीमा तिथे अडवलेली, आणि मागे पसरलेलं पाणी असं की पलीकडचा काठ उन्हात थरथरताना दिसतो. त्यात होड्या आहेत, जाळी आहेत, चिलापी आहे, एका गावातून दुसऱ्या गावाला पाण्यावरून जाणारे लोक आहेत. धरणात बुडालेलं पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी हटलं की वर येतं, तेव्हा लोक गाड्या भरून बघायला जातात. 2024 च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी संध्याकाळच्या वादळात उलटली आणि सहाजण गेले. एकजण पोहून काठाला लागला. दिवा असता तर ते वाचले असते असं मी म्हणत नाही. ते वारं होतं, उजेडाचा त्यात काही संबंध नव्हता. पण समुद्र लांब आहे म्हणून आपण पाण्याला ओळखतच नाही, याचा संबंध होता की काय, कुणास ठाऊक. त्याच उजनीचं पाणी शंभर किलोमीटरवरून नळातून येऊन आमच्या हौदात पडतं, आणि अकरा वर्षं एक खारव्याची मुलगी अंधारात बसून ते वाया जाऊ नये म्हणून राखत होती. मी सव्वातीन युनिट वाचवत होतो.

तीस मीटर उंचीवरचा दिवा होडीतल्या पाच मीटर उंचीवरच्या डोळ्याला साधारण सोळा सागरी मैलांवरून दिसतो, म्हणजे तीस किलोमीटरच्या आसपास. पुढे पृथ्वीची गोलाई आड येते. हे गणित मी रत्नागिरीहून येताना गाडीत केलं होतं. सोलापुरातून मोजलं तर मोहोळच्या थोडं अलीकडेपर्यंत. आमचा नऊ वॅटचा बल्ब टाकीपासून आजींच्या खिडकीपर्यंत, बारा-तेरा मीटर. तेवढंच अंतर त्याला जायचं होतं.

मी बाहेर आलो आणि बटण दाबलं.

रात्री जाग आली तेव्हा मोटर चालू होती. माझ्या घरातून टाकी दिसत नाही. मी दुसऱ्या बाजूला राहतो. पडल्या पडल्या मोटरचा आवाज ऐकत राहिलो आणि मोजायला लागलो, रत्नागिरीत मोजलं होतं तसंच, आणि तसाच मध्ये चुकलो. बायको म्हणाली, झोपा आता. खाली कुत्रं भुंकलं. मग वरून आवाज आला, जिन्याच्या पोकळीतून घुमत, “बास रे! बंद कर!” एक क्षण काही झालं नाही. वॉचमनची खाट कुरकुरली. मोटर थांबली.

महिनाअखेरीला वही लिहिताना मी तो बल्ब ‘जिना व आवार दिवे’ मधून काढून ‘पाणीपुरवठा’ खाली लिहिला. दुसऱ्या मजल्यावरच्या पोरानं ते बरोबर पकडलं. म्हणाला, “काका, हे चुकलंय.” मी म्हटलं, “पुढच्या वेळी पाणी आलं की रात्री दोनला वर ये. आजींकडं. सुकट आवडते का रे तुला?”